खोडमाशी कोणती? आधी नाव, मग औषध



औषधाच्या दुकानात जाऊन 'खोडमाशीचे औषध द्या' असे आपण म्हणतो, तेव्हा समोरच्याने आपल्याला एक प्रश्न विचारायला हवा : कोणती खोडमाशी? आपल्या वऱ्हाडात ज्वारीच्या पोंग्यात शिरते तीही खोडमाशी आणि सोयाबीनच्या खोडात बोगदा करते तीही खोडमाशी. नाव एकच, पण दोघींचे कूळ वेगळे, चाल वेगळी आणि त्यांना आवरण्याची रीतही वेगळी. उलट तुरीच्या शेंगेतील शेंगमाशी ही सोयाबीनच्या खोडमाशीची अगदी जवळची बहीण आहे. नावावरून ज्या एक वाटतात त्या परक्या, आणि वेगळ्या वाटतात त्या सख्ख्या!

आता एकेकीची ओळख करून घेऊ.

ज्वारीची खोडमाशी करड्या रंगाची, घरमाशीच्या कुळातली, पण तिच्याहून बरीच लहान. शास्त्रात तिचे नाव ॲथेरिगोना सोक्काटा. रोप आठवड्याभराचे झाले की ती पानाच्या खालच्या बाजूस लांबट, पांढरे अंडे घालते. दोन-तीन दिवसांत अळी निघते, पोंग्यात उतरते आणि आतला कोंब कापते. मधले पान पिवळे पडून वाळते आणि ओढले की सहज हातात येते. यालाच आपण पोंगेमर म्हणतो. रोप महिन्याचे झाले की हा धोका बराच कमी होतो. म्हणून पावसाला सुरुवात होताच, मागेपुढे न करता, शिवारात एकाच वेळी पेरणी करणे हा या माशीवरचा सर्वांत जुना आणि बिनपैशाचा उपाय. उशिरा पेरणाऱ्याच्या वावरात आधीच्या वावरांत वाढलेल्या साऱ्या माश्या गोळा होतात.

सोयाबीनची खोडमाशी चमकदार काळी, जेमतेम दोन मिलिमीटरची. हिचे नाव मेलानाग्रोमायझा सोजे. अंडे पानात, अळी पानाच्या शिरेतून देठात आणि देठातून खोडात. झाड वरून हिरवेगार उभे असते, पण खोड उभे चिरून पाहिले तर आत तांबूस नागमोडी बोगदा दिसतो. झाड मरतेच असे नाही, पण शेंगा कमी लागतात आणि दोष मात्र पावसाला किंवा बियाण्याला दिला जातो.

तुरीची शेंगमाशी, म्हणजे मेलानाग्रोमायझा ऑब्ट्यूसा, हिची ओळख आपल्या घरच्या बायांना पुरुषांपेक्षा जास्त. सोले काढताना वरून धड दिसणारी शेंग उघडली की आत पांढरी, बिनपायाची अळी आणि खरवडलेला दाणा निघतो. कोषात जाण्यापूर्वी ही अळी शेंगेच्या सालीला आतून कोरून पातळ पापुद्र्याची खिडकी करून ठेवते आणि पुढे माशी तिथूनच बाहेर पडते. शेंगेवर भोक दिसले म्हणजे चोर घर सोडून गेलेला असतो. त्यानंतर केलेली फवारणी ही रिकाम्या घरावर घातलेली धाड होय.

आणि पांढरी माशी? संत्र्यावर कोळशी आणणारी काळी माशी? या दोन्ही मुळी माश्याच नव्हेत. खऱ्या माशीला पंखांची एकच जोडी असते. यांना दोन जोड्या असतात, आणि त्या मावा-तुडतुड्यांच्या गोतातल्या, रस शोषणाऱ्या किडी आहेत.

आता तुम्ही विचाराल, एवढ्याशा माशीचे नाव ठरवतो कोण? त्याची रीत अशी. एखाद्या अभ्यासकाला नवी जात सापडली, तर ती पूर्वीच्या सर्व जातींपेक्षा कशात वेगळी आहे हे तो चित्रांसह छापून काढतो, तिला दोन शब्दांचे नाव देतो आणि ज्या नमुन्यावरून वर्णन केले तो संग्रहालयात जपून ठेवतो. पुढे कुणालाही शंका आली तर त्या मूळ नमुन्याशी ताडून पाहता येते. जमिनीच्या तंट्यात मूळ नकाशाला जो मान, तोच इथे मूळ नमुन्याला. ज्वारीच्या खोडमाशीचे वर्णन इटलीच्या रोंदानी यांनी १८७१ साली केले, सोयाबीनच्या माशीचे झेंटनर यांनी १९०० साली जावा बेटावरून आणि तुरीच्या माशीचे मॅलॉक यांनी १९१४ साली.

तरीही घोटाळा होतोच. आपल्या देशातील जुन्या लेखांत ज्वारीची खोडमाशी 'ॲथेरिगोना इंडिका' आणि 'ॲथेरिगोना व्हेरिया सोक्काटा' अशा निरनिराळ्या नावांनी येते. १९६४ साली सी. एस. एच. १ हा संकरित ज्वारीचा वाण आला, नव्या वाणांवर या माशीने थैमान घातले, तेव्हा नेमकी माशी कोणती हे ठरवणे भाग पडले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ॲड्रियन पाँट यांनी १९७२ साली आशियातील या घराण्याच्या पिकांवरील जातींची नीट छाननी केली. नर माशीच्या शेपटाकडे एक तीन पाकळ्यांचा बारीक अवयव असतो. त्याचा आकार जातीगणिक बदलतो आणि तो सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो. त्यावरून बाजरीवरची माशी वेगळी, भातावरची वेगळी, गव्हावरची वेगळी हे पक्के झाले. ॲथेरिगोना ओरिएंटॅलिस नावाची एक जात तर बहुधा आधीच सडलेल्या भागावर येते. म्हणजे पोंग्यात सापडली ती प्रत्येक माशी गुन्हेगार नसते!

नाव चुकले तर काय होते, याचा दाखला धानाच्या गादमाशीचा. आपल्या पूर्व विदर्भातील धानपट्टा या किडीला चांगला ओळखतो. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील वुड-मेसन यांनी १८८९ साली तिला नाव दिले. आफ्रिकेत धानावर तशीच माशी आढळली, तेव्हा तीही हीच असे बरीच वर्षे धरले गेले. पण आशियात किडीला दाद न देणारे वाण तिथे बळी पडत. १९८२ साली हॅरिस आणि गॅनिए यांनी दाखवून दिले की आफ्रिकेतील माशी ही निराळीच जात आहे. एका नावाच्या चुकीपायी वाण निवडण्याचे काम चुकीच्या शत्रूवर बेतले जात होते.

नावाइतकाच ठावठिकाणाही महत्त्वाचा. कोणती माशी कोणत्या तालुक्यात, कोणत्या पिकावर, कोणत्या महिन्यात आढळली, अशा नोंदींवरूनच किडीचा नकाशा तयार होतो. आज इथे ज्वारी घटली आणि सोयाबीन वाढले. पीक बदलले की माश्याही बदलतात. ही नोंद शहरात बसून होत नाही. ती वावरातूनच यावी लागते, आणि तिथे आपण मदत करू शकतो.

पोंगेमर झालेली आठ-दहा रोपे मुळासकट उपटा, किंवा किडकी खोडे अथवा शेंगा घ्या. काचेच्या बरणीत थोडी ओलसर माती घालून त्या ठेवा आणि तोंडाला पातळ फडके बांधा. बरणी सावलीत असू द्या. साधारण दोन-तीन आठवड्यांत माश्या बाहेर पडतील. कधी त्यांच्याऐवजी बारीक गांधीलमाश्या निघतात. त्या अळीवर वाढणाऱ्या, आपल्या मित्र होत. त्याही टाकू नका. मेलेल्या माश्या लहान बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवा आणि आत कागदाचा चिटोरा टाका. त्यावर गाव, तालुका, जिल्हा, तारीख, पीक, झाडाचा भाग आणि आपले नाव लिहा. लिहायचे ते शिसपेन्सिलीने, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते. शाळेत जाणारी मुले हे काम आवडीने करतील. चिटोऱ्याशिवाय नमुना म्हणजे पत्त्याशिवायचे पत्र.

ही बाटली अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. १९६९ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ आपल्याचसाठी आहे.

२०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. विषाचा प्रत्येक पंप पाठीवर घेण्यापूर्वी शत्रू कोण, तो आत आहे की निघून गेला, एवढे तरी विचारू या. येत्या हंगामात सोयाबीनचे झाड पिवळे दिसले तर दुकानाकडे निघण्याआधी विळ्याने एक खोड उभे चिरून पाहा.