घंटा थांबल्यानंतर

आपल्या वसतिगृहात पहाटेच्या वंदनेपासून रात्रीच्या अभ्यासिकेपर्यंत सारा दिवस घंटेवर चाले. विद्यापीठात ती घंटा नसते. मग आमच्यापैकी काहींचे अर्ज, प्रकल्प, परीक्षा अर्धवट राहू लागतात. ‘आळशी’ असा शिक्का चटकन बसतो. परंतु काही वेळा त्यामागे एडीएचडी ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था असते.

तिचे निदान रक्ततपासणीने होत नाही; मनोविकारतज्ज्ञ सविस्तर मुलाखत घेऊन ते करतात. प्रचलित निकषांनुसार १७ वर्षे व त्यापुढील व्यक्तीत अवधानाची किंवा अतिचंचलतेची किमान ५ लक्षणे ६ महिने टिकलेली असावी लागतात. शिवाय काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वी दिसलेली असावी लागतात. निवासी विद्यार्थ्याची अडचण नेमकी येथेच होते, कारण त्याचे ते वय आईवडिलांनी सुटीपुरतेच पाहिलेले असते. म्हणून जुनी प्रगतिपुस्तके आणि वर्गशिक्षकांचे शेरे तपासणीस सोबत न्यावेत.

मेथिलफेनिडेट डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावे. ते घेताना भूक, झोप व रक्तदाब यांवर लक्ष ठेवावे लागते. अ‍ॅटोमॉक्सेटिनचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. मित्राची गोळी मात्र कदापि घेऊ नये.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क सल्ला मिळतो.

शाळेस आमची एकच विनंती आहे : जुन्या नोंदी जपून ठेवाव्यात. एखाद्या माजी विद्यार्थ्याचे निदान त्यांवर अवलंबून असू शकते.