आवाजाच्याच तारेतून वीज

तानपुऱ्यासमोरचा कंडेन्सर माईक मिक्सरला जोडला, फेडर वर केला, तरी स्पीकर गप्पच. मग मिक्सरवरचं ‘४८ व्होल्ट’चं बटण दाबलं की दोन-चार सेकंदांत तारेचा झंकार ऐकू येऊ लागतो. माईकला ना बॅटरी, ना वेगळी वायर. ज्या तारांतून आवाज बाहेर येतो, त्याच तारांतून वीज आत जाते. हीच फँटम पॉवर.

गायकाच्या हातातला डायनॅमिक माईक चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालतो, त्याला बाहेरची वीज लागत नाही. कंडेन्सरमध्ये अतिशय पातळ पडदा आणि त्यामागे धातूची तबकडी असते. पडदा हलतो तसा सूक्ष्म विद्युत संकेत तयार होतो, पण तो इतका क्षीण असतो की माईकच्या पोटातल्या सर्किटनेच त्याला सांभाळून केबलपर्यंत आणावं लागतं. या सर्किटला वीज हवी. व्हॉल्व्हच्या काळात त्यासाठी प्रत्येक माईकबरोबर वेगळा वीजपुरवठ्याचा डबा आणि अनेक तारांची जाड केबल बाळगावी लागे.

ट्रान्झिस्टर आले आणि विजेची गरज एकदम घटली. १९६६ साली बर्लिनच्या नॉयमन कंपनीने नॉर्वेच्या सरकारी नभोवाणीसाठी केएम ८४ हा माईक फँटम पॉवरवर चालवून दाखवला. तिथल्या हिवाळ्यात दिवसाचा उजेड फार थोडा, म्हणून स्टुडिओत जादा दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच होता. तोच माईकसाठी वापरला गेला. पुढे त्याचं मानक झालं आणि आजही जगभर तोच आकडा चालतो.

यातली खरी करामत समतोलाची आहे. मिक्सरमधले ४८ व्होल्ट ६.८ किलोओहमच्या दोन रोधांमधून एक्सएलआर या तीन पिनांच्या प्लगच्या २ आणि ३ नंबरच्या पिनांवर सारखेच पोचतात, आणि परतीची वाट १ नंबरच्या पिनेवरून, म्हणजे केबलच्या जाळीतून असते. दोन्ही तारांवर विद्युतदाब सारखाच असल्यामुळे त्यांच्यात फरक उरत नाही. मिक्सर फक्त फरक ऐकतो, म्हणून वीज त्याला ऐकू येत नाही. बाहेरून दोन्ही तारांवर सारखीच पडणारी खरखर याच न्यायाने वगळली जाते. डायनॅमिक माईकचं वेटोळंही या दोन तारांमध्येच असतं, त्यामुळे त्यालाही इजा होत नाही. मात्र ते दोन रोध एकमेकांशी ०.४ टक्क्यांच्या आत जुळावे लागतात.

हा समतोल शेवटी केबल बनवणाऱ्याच्या हातात असतो. बाहेरचं आवरण सोलायचं, जाळी पिळून तिच्यावर स्लीव्ह चढवायची, तिन्ही टोकांना सोल्डरचा पातळ थर द्यायचा, मग जाळी १ ला, धन तार २ ला, ऋण तार ३ ला. जाळीचा एखादा केसभर तंतू २ नंबरला टेकला की त्या बाजूचा दाब कोसळतो आणि डायनॅमिक माईकच्या वेटोळ्यातून वीज वाहू लागते. रिबन माईकची ॲल्युमिनियमची पट्टी तर अशाने कायमची ताणली जाऊ शकते.

दुसरा दोष अधिक फसवा. जाळी तुटली, तरी डायनॅमिक माईक त्या केबलवर बोलत राहतो, फार तर थोडी घूं ऐकू येते. पण कंडेन्सर लावला की तो मुका, कारण विजेची परतीची वाटच बंद झालेली असते. म्हणून ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ म्हणून केबल पास करू नये. मल्टिमीटरने तिन्ही पिना टोकापासून टोकापर्यंत तपासाव्यात, एकमेकींना शॉर्ट नाहीत ना तेही पाहावं. मिक्सरच्या मोकळ्या सॉकेटवर १ आणि २, तसंच १ आणि ३ यांच्यातला दाब मोजावा. दोन्हीकडे ४४ ते ५२ व्होल्टच्या आत सारखाच आकडा हवा. माईक लावताना-काढताना फेडर खाली आणि फँटम बंद, आणि बंद केल्यावर थोडं थांबावं.

मैफलीत सारंगीची मींड शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचते, त्यात या तीन सोल्डरच्या डागांचाही वाटा असतो. ध्वनिव्यवस्थेचं शिक्षण मिक्सरच्या पडद्यापासून नव्हे, केबल सोलण्यापासून सुरू व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.