अपघाती मृत्यू : तकदीर मानू, चूकही शोधू

रस्त्यावरच्या अपघातात घरचा माणूस गेला की पहिला दिवस इस्पितळ, पोलीस ठाणे आणि शवविच्छेदनाच्या धावपळीत जातो. मग दफन होते. नातेवाईक येतात, दुआ करतात आणि म्हणतात, ‘‘अल्लाहची मर्जी. त्याची वेळ भरली होती.’’ हे खरेच आहे. मृत्यूची वेळ ठरलेली आहे, यावर आपले ईमान आहे. पण याच वाक्याच्या आड आपण आणखी एक प्रश्न मातीआड करतो : चूक कोणाची होती?

कुरआनने हा प्रश्न टाळलेला नाही. सूरह निसाच्या 92व्या आयतीत इरादा नसताना हातून घडलेल्या हत्येचा हुकूम आहे. मारायचे नव्हते म्हणून जबाबदारी संपली, असे तिथे सांगितलेले नाही. वारसांना दियत द्यायची आहे. वारसांनी माफ केली तर गोष्ट वेगळी. शिवाय कफ्फाराही आहे. म्हणजे तकदीर मानणे आणि जबाबदारी ठरवणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

आपल्या देशात ही जबाबदारी दोन ठिकाणी ठरते आणि त्यांतला फरक आपण समजून घेतला पाहिजे. पहिले ठिकाण फौजदारी न्यायालय. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या 106व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे गुन्हा संशयाला जागा न ठेवता सिद्ध व्हावा लागतो. दुसरे ठिकाण मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. तिथे नुकसानभरपाईचा निर्णय होतो आणि कोणती बाजू अधिक संभवनीय वाटते, एवढे पाहिले जाते. त्यामुळे चालक फौजदारी खटल्यातून सुटला, तरी भरपाईचा दावा आपोआप बुडत नाही. ‘तो तर निर्दोष सुटला’ म्हणून आपली माणसे हातपाय गाळून बसतात, ते चुकीचे आहे.

आता चूक म्हणजे काय? चौकात जमलेली गर्दी लगेच निकाल देते : मोठ्या गाडीची चूक. विमा कंपनीचा वकील उलट सांगतो : दुचाकीस्वारानेच नियम मोडला होता. ही दोन्ही मोजमापे अपुरी आहेत. एक निकाल पाहू. दिल्लीत एका मोटारसायकलवर तिघे होते. मागून आलेल्या मोटारीने धडक दिली आणि तिघांपैकी एक तरुण गेला. एका गाडीवर तिघे बसले होते म्हणून उच्च न्यायालयाने दहा टक्के दोष त्यांच्या बाजूला धरला. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने ही कपात रद्द केली. तिघे बसणे हा नियमभंग खराच. पण त्या नियमभंगामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली, हे दाखवावे लागते. नुसता नियम मोडला म्हणजे मृत्यूला तोच कारण, असे होत नाही. दुचाकीवर तिघांनी बसावे असा याचा अर्थ कोणी काढू नये. अर्थ एवढाच की दोष कारणावरून ठरतो.

कारणही नेहमी एकच नसते. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. मागच्या सीटवरचे दोघे मरण पावले, पुढचे दोघे वाचले. त्यानंतर गाडीच्या वेगाची चौकशी झाली, तशी पुलापाशी अरुंद होणाऱ्या रस्त्याची, कठड्याच्या रचनेची आणि मागे न लावलेल्या पट्ट्याचीही चर्चा झाली. गाडीतल्या यंत्रात साठलेली माहितीसुद्धा तपासली गेली. मोठ्या माणसाच्या अपघातात हे सगळे होते. सामान्य माणसाच्या अपघातात ते व्हावे म्हणून घरच्यांनाच जागे राहावे लागते.

पुरावा फार दिवस टिकत नाही. रस्त्यावरच्या टायरच्या खुणा एका पावसात जातात. दुकानांच्या सीसीटीव्हीतले चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. म्हणून दफनविधीत सगळे घर गुंतलेले असताना एका जबाबदार माणसाने एवढे करावे : पंचनाम्यात गाड्यांची जागा आणि खुणा नोंदवल्या आहेत का ते पाहावे, जवळच्या कॅमेऱ्यांचे चित्रण जपून ठेवावे असे पोलिसांना लेखी द्यावे, साक्षीदारांचे फोन नंबर घ्यावेत आणि गाडीच्या विम्याची माहिती मिळवावी. 2022 पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल 48 तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

एक गोष्ट आमच्या भगिनींसाठी. पतीच्या निधनानंतरची इद्दत चार महिने दहा दिवसांची, आणि कायद्यात दाव्यासाठी दिलेली मुदत अपघातापासून सहा महिन्यांची. इद्दत संपेपर्यंत काहीच करायचे नाही असे ठरवले, तर हाताशी दोन महिनेही उरत नाहीत. भाऊ, दीर, सासरे यांनी कागदपत्रे गोळा करावीत आणि वकिलाला घरी बोलावून घ्यावे. दावा आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो. दोष सिद्ध न करताही मृत्यूबद्दल पाच लाख रुपयांची तरतूद कायद्यात आहे. धडक देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तर दोन लाखांची आहे.

आणि पोलीस ठाण्याच्या आवारात दहा-वीस हजारांवर ‘मिटवून टाकू’ म्हणणाऱ्या काका-मामांनी क्षणभर थांबावे. हे पैसे कोणाचे आहेत? बेवेचे, यतीम मुलांचे, म्हाताऱ्या आईबापाचे. माफ करणे मोठेपणाचे आहे, पण आपल्या वाट्याचेच माफ करता येते. यतीमांचा हक्क त्यांच्या वतीने सोडून देण्याचा अधिकार काकांना नाही.

सगळ्यात कठीण परीक्षा मात्र वेगळी आहे. स्टिअरिंगवर आपलाच मुलगा असेल तर? तेव्हा घरात कुजबुज सुरू होते : ड्रायव्हरच गाडी चालवत होता असे सांगू, मुलाला गावी पाठवू. त्याच सूरह निसाच्या 135व्या आयतीत स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध आणि जवळच्या नातलगांविरुद्धही खरी साक्ष देण्याचा हुकूम आहे. गरीब ड्रायव्हरला पुढे करून वाचवलेला मुलगा आयुष्यभर एका खुनशी खोट्यावर उभा राहतो. आणि मुलगा अल्पवयीन असेल, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकही दोषी धरले जातात. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. ईदच्या दिवशी मुलाच्या हातात किल्ली देताना हे आठवावे.

समोरच्या घरी मय्यत झाली असेल, तर आपल्या मुलाने जखमीला इस्पितळात नेले का, पोलिसांना कळवले का, हे आधी विचारावे. वकील त्यानंतर गाठावा. आपल्या माणसासाठी आपण जो न्याय मागतो, तोच दुसऱ्याच्या माणसासाठी आपल्या हातून झाला पाहिजे.