तिथीची पाऊणपट

मुलांना निसर्ग दाखवायचा म्हटले की शहरातील पालकांना अभयारण्य, सहलीची गाडी आणि चार दिवसांची रजा आठवते. परंतु मुंबई-कोकणच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्या कुटुंबांच्या जवळच असा एक प्रदेश आहे, जो साधारणतः दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो आणि दोनदा उघडा पडतो. भरतीची सर्वांत वरची रेषा आणि ओहोटीची सर्वांत खालची रेषा यांच्यामधील या पट्ट्याला आंतरभरती क्षेत्र म्हणतात. तेथे जाण्यासाठी तिकीट लागत नाही, मात्र वेळ साधावी लागते, आणि ती वेळ भिंतीवरच्या पंचांगाच्या दिनदर्शिकेतून मुलांना स्वतःच काढता येते.

किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या चालत आलेला हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते आणि तीत सुमारे सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटीची. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या आणि ओहोटी बाराच्या सुमारास. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या आसपास. चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत असल्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी लांबते, आणि पाऊण तासाचा हा आडाखा त्याच्या बराच जवळ जातो. प्रत्येक किनाऱ्याची ठेवण व खोली वेगळी असल्याने हा हिशेब बंगालच्या उपसागराला लागू पडत नाही, हेही मुलांना सांगण्याजोगे आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येऊन उधाणाची भरती येते व तेवढीच खोल ओहोटी लागते. अष्टमीच्या आसपास ही ओढ काटकोनात असल्याने पाणी कमी चढते व कमी उतरते; अशा भरतीला भांगाची भरती म्हणतात. कुटुंबासाठी सर्वांत सोयीच्या तिथी द्वितीया व तृतीया, कारण उधाणाचा जोर तेव्हाही टिकून असतो आणि पूर्ण ओहोटी सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान, म्हणजे चांगल्या उजेडात येते.

खडकाळ किनाऱ्यावर, उदाहरणार्थ मुंबईत हाजी अलीजवळ किंवा वांद्र्याला, वरून खाली उतरताना सजीवांचे थर बदलत जातात, कारण पाण्याबाहेर किती तास तग धरता येतो यावर प्रत्येकाची जागा ठरते. वरच्या कोरड्या खडकांवर बारीक गोगलगायी, त्याखाली खडकाला चिकटलेले बार्नेकल आणि कालवं, आणि सर्वांत खाली साचलेल्या डबक्यांत समुद्रफुले. बार्नेकल शिंपल्यासारखा दिसत असला तरी तो खेकड्यांचा नातलग असून, डोक्याच्या बाजूने खडकाला कायमचा चिकटतो आणि पाणी आले की कवचातून पिसासारखे पाय बाहेर काढून अन्नकण गोळा करतो. समुद्रफूल हा प्राणी उघडे पडताच आपली शुंडके आत ओढून लिबलिबीत गोळा होतो, त्यामुळे मुलांनी त्याला उघड्यावर पाहून पुन्हा पाण्यातही पाहणे अगत्याचे आहे. वाळूच्या किनाऱ्यावर बिळांभोवती जी नक्षीदार गोळ्यांची रांगोळी दिसते, ती लहान कुर्ल्यांची असते. त्या वाळू तोंडात घेऊन तीतले अन्न काढून घेतात व उरलेली वाळू गोळी करून टाकतात, आणि पुढची भरती ती सारी पुसून टाकते.

येथे शंख-शिंपले घरी आणण्याचा मोह आवरावा लागतो आणि त्याचे कारण मुलांना सहज पटते. शंखातला खेकडा मऊ पोटाचा असतो. त्या पोटावर कठीण कवच नसल्यामुळे तो रिकामा शंख शोधून त्यात राहतो व मोठा झाला की घर बदलतो, म्हणून उचललेला प्रत्येक रिकामा शंख हे कोणाचे तरी पुढचे घर असू शकते. काही शंख जिवंत व विषारीही असतात. शंकूच्या आकाराचे शंख तर हातातच घेऊ नयेत. प्रवाळही उचलू नये, कारण त्याला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. उलटवलेला दगड पूर्वीसारखा ठेवला नाही, तर त्याच्या सावलीत राहणारे जीव उन्हाने मरतात.

पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी उतरावे, पाण्यामागोमाग खाली जावे आणि पाणी वळताच परतावे; पकड असलेले बूट हवेत, शेवाळावर पाय टाकू नये. पावसाळ्यात खडकांवर जाऊच नये, आणि त्या दिवसांत वाळूवर वाहून आलेल्या निळ्या फुग्यासारख्या ब्लू बॉटलला हात लावू नये, कारण मेल्यावरही त्याचे तंतू डंख करतात. पहिल्या फेरीसाठी जाणत्याची सोबत घेणे उत्तम. मुंबईत 2017 साली सुरू झालेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाने अशा किनारफेऱ्यांतून अनेक शहरवासीयांना या पट्ट्याची ओळख करून दिली आहे.

त्यानंतर मात्र एकच डबके निवडून, पावसाळा सोडून, दर महिन्याच्या तृतीयेला तेथे परत जावे, आणि मुलांच्या वहीत तिथीवरून काढलेली ओहोटीची वेळ, प्रत्यक्ष दिसलेली वेळ आणि त्या दिवशी डबक्यात कोण होते, एवढेच लिहावे. दोन वेळांमध्ये दिसणारा फरक का पडला असेल, यावर घरी निघणारी चर्चा पुढच्या तृतीयेपर्यंत पुरते.