व्हिक्टोरियातील टपाल व तारव्यवस्था

व्हिक्टोरियातील टपाल व तारव्यवस्था : ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातील व्हिक्टोरिया या ब्रिटिश वसाहतीने १८५१ ते १९०१ या काळात स्वतंत्रपणे चालविलेली संदेशवहनसेवा. पूर्वी पोर्ट फिलिप या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा १ जुलै १८५१ रोजी न्यू साउथ वेल्सपासून विभक्त झाला आणि त्याच वर्षी तेथे सोन्याच्या खाणींचा शोध लागला. १८५१ मध्ये सु. ७७,००० असलेली लोकसंख्या १८६१ मध्ये सु. ५,४०,००० झाली. मेंढपाळांच्या विरळ वस्तीसाठी उभारलेल्या टपालखात्यावर हा भार अकस्मात येऊन पडला.

अडचण केवळ पत्रांच्या संख्येची नव्हती. सोन्याच्या ओढीने सरकारी नोकरही कामे सोडून खाणींकडे गेले; काम वाढत असतानाच माणसे घटली. शिवाय खाणकऱ्यांना कायमचा पत्ता नसे. दुसरीकडे सोने लागल्याची वार्ता येताच तंबू हलत, पत्र मात्र जुन्या छावणीच्या कचेरीत पडून राही. घरपोच वाटप अशक्य असल्याने लोक कचेरीसमोर रांगा लावून चौकशी करीत. न नेलेल्या पत्रांच्या याद्या राजपत्रात प्रसिद्ध होत. मायदेशातील कुटुंबाचा व परागंदा कर्त्या पुरुषाचा संबंध टिकण्यास पत्राखेरीज दुसरे साधन नव्हते. त्यामुळे या नीरस याद्यांतील पुष्कळशी नावे म्हणजे तुटलेली नातीच होत. गावांच्या नावांतही घोटाळा असे. बेंडिगोचे अधिकृत नाव दीर्घकाळ सँडहर्स्ट होते. लोकांच्या तोंडचे नाव १८९१ मध्ये मान्य झाले.

इंग्लंडकडील टपाल शिडाच्या जहाजाने येण्यास सु. तीन महिने लागत. १८५२ मध्ये बोटींची सेवा सुरू झाली. पण क्रिमियन युद्धासाठी (१८५३–५६) बोटी काढून घेतल्याने ती खंडित झाली. जहाज सुटण्याच्या वेळी मेलबर्नच्या कचेरीत उडणारी झुंबड किती असे, हे १८५५ च्या ‘फार उशीर’ अशा अर्थाच्या सहा पेन्सी तिकिटावरून कळते. पेटी बंद झाल्यानंतर आलेले पत्र हा जादा आकार भरल्यास त्याच टपालात घेत. अंतर्भागात १८५३ मध्ये अमेरिकनांनी स्थापिलेल्या कॉब अँड कंपनीच्या घोडागाड्यांचा पुढे टपालासाठी उपयोग झाला. त्यांचे सांगाडे पोलादी स्प्रिंगांऐवजी चामडी पट्ट्यांवर टांगलेले असल्याने खाचखळग्यांच्या वाटांवर त्या टिकत. १८६२ मध्ये बॅलरॅट व बेंडिगो लोहमार्गाने जोडली गेली.

तारेच्या बाबतीत वसाहतीने अधिक दूरदृष्टी दाखविली. मॉर्सच्या हाताखाली शिकलेला सॅम्युएल वॉकर मॅकगोवन १८५३ मध्ये खाजगी कंपनी काढण्याच्या हेतूने आला होता. परंतु सरकारने हे काम स्वतःकडे ठेवून त्यालाच ते सोपविले. ब्रिटनमध्ये तारसेवा १८७० पर्यंत खाजगी कंपन्यांकडे होती, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. मेलबर्न–विल्यम्सटाउन ही ऑस्ट्रेलियातील पहिली तार मार्च १८५४ मध्ये सुरू झाली. १८५८ मध्ये ॲडिलेड व सिडनी जोडली गेली. टास्मानियाकडील १८५९ ची समुद्री तार मात्र लवकरच निकामी झाली. टिकाऊ तार १८६९ मध्ये पडली. १८७२ मध्ये डार्विन व जावामार्गे यूरोपशी संबंध जुळला. या मार्गावरील संदेश मुंबई व मद्रासवरूनही जात.

ऑस्ट्रेलियातील पहिले दूरध्वनिकेंद्र मेलबर्न येथे १८८० मध्ये निघाले. येथे आरंभ खाजगी कंपनीने केला. सरकारने ते १८८७ मध्ये विकत घेतले. १ मार्च १९०१ रोजी सर्व वसाहतींची टपाल व तारखाती ऑस्ट्रेलियन राष्ट्रकुलाच्या ताब्यात गेली. तथापि राष्ट्रकुलाची स्वतःची तिकिटे १९१३ मध्ये निघेपर्यंत व्हिक्टोरियाची तिकिटे प्रचारात होती.