लाकडाचा दगड कसा होतो?

‘लाकडाचा दगड झाला’ असे आपण सहज म्हणतो. दुधाचे दही होते तद्वत् लाकडाचा दगड होतो, अशी समजूत त्या ‘होणे’ या क्रियापदातून आपोआप तयार होते. आणि ‘जीवाश्म’ हा सुटसुटीत सामासिक शब्द तिला दुजोराच देतो. ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते ते विज्ञानाचे अध्यापक होते. त्यांच्या विषयात भाषेच्या अध्यापकाने डोकावण्याचे निमित्त एवढेच की, या एका क्रियापदाने बराच घोटाळा केला आहे.

वस्तुतः लाकडाचा स्वभाव दगड होण्याचा नाही, माती होण्याचा आहे. रानात उन्मळून पडलेला वृक्ष बुरशी, जिवाणू आणि वाळवी यांच्या स्वाधीन होतो आणि काही वर्षांत त्याचा मागमूस उरत नाही. पृथ्वीवर होऊन गेलेल्या अगणित वनस्पतींपैकी बहुतेक सर्व अशाच निःशेष झाल्या. जीवाश्म हा या नियमाचा अपवाद होय. कुजण्याचे काम अर्ध्यावर थांबावे लागते, आणि त्यासाठी वनस्पतीचा अवशेष लवकरात लवकर प्राणवायूपासून दूर, म्हणजे तळ्याच्या तळाशी, गाळात किंवा ज्वालामुखीच्या राखेत गाडला जावा लागतो.

गाडले गेल्यावरही सर्वांची गत सारखी होत नाही. छिंदवाडा परिसरात दोन्ही प्रकार पाहावयास मिळतात. परासियाच्या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत. तो कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या गोंडवनी काळातील अरण्यांचा. गाळाच्या भाराखाली त्या वनस्पती दबल्या, त्यांतील पाणी व वायू निघून गेले आणि कार्बन मागे राहिला. कोळशालगतच्या थरांत ग्लॉसोप्टेरिसची जिभेच्या आकाराची पाने आढळतात, शिरांच्या जाळीसकट. पुस्तकात ठेवलेल्या पिंपळपानाची आठवण व्हावी अशी ती चपटी असतात. आकृती राहिली, पण आतील पेशींची घडण बहुतांशी चिरडली गेली.

दुसरा प्रकार मला अधिक विलक्षण वाटतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर लोपले त्याच सुमारास, दख्खनच्या भूमीला भेगा पडून लाव्हा पुनःपुन्हा वाहिला. आपले माळव्याचे पठार त्याचेच, आणि आपली काळी माती त्याच पाषाणाची झीज होऊन बनलेली. परंतु हा लाव्हा अखंड वाहत नव्हता. दोन प्रवाहांच्या मध्ये दीर्घ विश्रांती असे. त्या अवधीत तळी साचत, रान माजे, आणि पुढचा प्रवाह येऊन सर्व झाकून टाकी. त्या मधल्या गाळाच्या थरांना आंतरट्रॅपी थर म्हणतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी १८५० च्या दशकात या थरांतील जीवाश्मांकडे विद्वानांचे लक्ष वेधले.

या तळ्यांच्या पाण्यात झिजणाऱ्या लाव्ह्यातून आणि राखेतून सिलिका, म्हणजे गारगोटीचे घटकद्रव्य, विरघळून येत होते. ते पाणी बुडालेल्या लाकडात झिरपले. लाकडातील सेल्युलोज आणि लिग्निन यांना सिलिका चिकटते. प्रथम तिचा पातळ लेप पेशींच्या भिंतींत बसला, मग पेशींच्या पोकळ्या भरल्या. लाकडाचा एक कण निघाला आणि त्याच्या जागी दगडाचा एक कण बसला, असे वर्णन पुष्कळ पुस्तकांत असे. १९७६ मध्ये लिओ व बार्गहूर्न यांनी दाखवून दिले की, लाकूड येथे मुख्यतः साच्याचे काम करते.

धोतराला खळ देण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन उमजेल. खळ सुताची जागा घेत नाही; ती धाग्याधाग्यांत मुरते आणि वाळल्यावर कापडाला ताठपणा देते. आता अशी कल्पना करा की, कालांतराने सूत विरून गेले आणि विणीबरहुकूम खळ तेवढी उभी राहिली. अश्मीभूत लाकूड जवळपास असेच असते. आरंभीची सिलिका ओपलच्या रूपात असते. पुढे पाणी गमावत ती अकीक किंवा स्फटिकाचे रूप घेते.

याला कोट्यवधी वर्षे लागलीच पाहिजेत असेही नाही. जपानमधील एका उष्ण झऱ्यात ठेवलेल्या लाकडात सात वर्षांत वजनाच्या सुमारे ४० टक्क्यांपर्यंत सिलिका भरल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. किंबहुना शिरकाव त्वरेने झाला तरच कुजण्यावर मात करता येते. कोटी वर्षे लागतात ती नंतर टिकण्यात.

अशा दगडाचा पातळ काप घासून पारदर्शक केला की सूक्ष्मदर्शकाखाली पेशी न् पेशी मोजता येते. सौंसर (२०२३ पासून पांढुर्णा जिल्हा) येथील दगडांत बिरबल साहनी आणि त्यांचे सहकारी राव यांना अझोला हे तरंगते नेचे सापडले. अझोला संथ पाण्यावर वाढते. म्हणजे आज जेथे मराठी बोलणारे शेतकरी नांगर धरतात, तेथे त्या काळी स्थिर पाणी होते. मोहगाव कलां येथील एका फळाला साहनींनी ‘एनिग्मोकार्पन’ म्हणजे ‘कोड्याचे फळ’ असे नाव दिले. पुढे ते मेंदीच्या कुळाशी नाते सांगणारे ठरले. येथे नामकरणाची एक गंमत आहे. पान, खोड, फूल, फळ निरनिराळे सापडतात, म्हणून प्रत्येकास वेगळे नाव पडते. याच फळाच्या वनस्पतीचे मानले गेलेले फूल ‘साहनिअँथस’ या निराळ्या नावाने नोंदलेले आहे. एका झाडाला दोन नावे, आणि ते झाड अखंड असे कोणी पाहिलेले नाही!

साहनींनी लखनौच्या आपल्या संस्थेसाठी जी कोनशिला घडविली तिच्यात जीवाश्मच बसविले होते. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ती बसली आणि आठवडाभरात साहनी निवर्तले. संस्था मात्र आजही चालू आहे.

दिंडोरी जिल्ह्यात घुघवा येथे ताडवर्गीय वृक्षांची अश्मीभूत खोडे उघड्यावर आहेत. १९८३ पासून ते जीवाश्मांचे राष्ट्रीय उद्यान आहे. पण बाकीचे थर शेतांत, नाल्यांत, रस्त्यांच्या खोदकामांत विखुरलेले आहेत. शोभेची वस्तू म्हणून कोणी तेथला दगड उचलून दिवाणखान्यात मांडला, तर पेशी शाबूत राहतील. परंतु तो कोणत्या दोन लाव्हाप्रवाहांमधला, त्याच्या शेजारी कोणती बीजे, कोणते शिंपले होते, हे सारे पुसले जाईल. कोनशिला कोठल्या इमारतीची हेच ठाऊक नसेल तर तिच्यावरील अक्षरे वाचून कितीसा बोध होणार? सहलीला जाल तेव्हा असा दगड दिसल्यास छायाचित्र घ्यावे, गाव आणि जागा वहीत टिपावी, जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागास कळवावे आणि दगड तेथेच राहू द्यावा.