लाल ठिपका आणि टनांचा हिशेब

वापरलेला सॅनिटरी पॅड किंवा डायपर वर्तमानपत्राच्या कागदात घट्ट गुंडाळायचा, पुडीवर लाल पेनाने ठळक ठिपका काढायचा आणि ती पुडी ओल्या-सुक्या कचऱ्यात न घालता वेगळी द्यायची. पुण्यातल्या कचरावेचक महिलांनी शहराकडे गेली अनेक वर्षे लावून धरलेली मागणी एवढीच आहे. तिच्यामागचे कारण साधे आहे. सुका कचरा वेगळा करताना प्रत्येक पुडी आणि प्रत्येक गाठ मारलेली पिशवी हातानेच सोडावी लागते, कारण आत काय आहे हे कळायला दुसरा मार्ग नाही. ठिपका दिसला की ती पुडी सोडायची नाही, हे हाताला कळते. पेनाची शाई आणि रद्दीचा तुकडा, यापलीकडे या उपायाला काही लागत नाही. महापालिकांच्या अंदाजपत्रकात घनकचऱ्यासाठी कोट्यवधींची तरतूद असते. तिच्यातला मोठा हिस्सा वाहतुकीवर आणि प्रकल्पांवर जातो. पण कचरा सुरक्षितपणे मार्गी लागणार की नाही, याचा निकाल बहुतेक वेळा त्याआधीच, घराच्या आणि दुकानाच्या दारात लागलेला असतो. पुण्याची व्यवस्था बारकाईने पाहिली तर हे पटते. तिचे कौतुक पुरेसे झाले आहे, तिच्याकडून शिकणे मात्र राहून गेले आहे.

इतिहास थोडक्यात असा. १९९३ साली बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागात काम करणाऱ्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. कचराकुंडीत उकरणाऱ्या बायांकडे तोवर चोर म्हणून पाहिले जाई. पंचायतीने त्यांना ओळखपत्र मिळवून दिले आणि हे कामच आहे, हे महापालिकेला मान्य करायला लावले. १९९४ च्या सुरतेतल्या प्लेगने देशाचे लक्ष शहरांच्या अस्वच्छतेकडे वळले. शहरांतल्या कचऱ्याबाबत अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेने त्याला कायद्याची दिशा दिली. घनकचऱ्याच्या २००० सालच्या नियमांनी घरोघरी जाऊन कचरा गोळा करणे बंधनकारक केले. नियम आला तेव्हा पुण्यात तो पाळू शकणारी माणसे आधीच संघटित होती. त्यांच्यातूनच २००७ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था झाली आणि पुढच्या वर्षी महापालिकेशी करार झाला. आज साडेतीन हजारांच्या आसपास सदस्य शहरातल्या लाखो घरांच्या दारात जातात. प्रत्येक घराने महिन्याला ठरलेले शुल्क द्यायचे आणि कचऱ्यातून निघणारे भंगार गोळा करणारीचे, असा हा व्यवहार आहे.

हे भंगार काढण्याचे कौशल्य जवळून पाहण्यासारखे आहे. सोसायटीच्या मागच्या बाजूला, पार्किंगच्या कोपऱ्यात किंवा रस्त्याकडेच्या शेडमध्ये सुका कचरा जमिनीवर पसरला की हात चालू लागतो. दुधाची पिशवी मऊ लागते, ती वेगळी जाते. कपड्यांवरचे पारदर्शक वेष्टण चुरचुरते, त्याचा भाव निराळा. पाण्याच्या बाटलीचे टोपण आणि बाटली ही दोन वेगळ्या जातींची प्लास्टिके, म्हणून टोपण काढून वेगळ्या पोत्यात टाकायचे. पांढरा कागद, रद्दी, पुठ्ठा, रंगीत छापील कागद यांचे ढीग निरनिराळे. काचेत अख्खी बाटली आणि फुटकी काच यांची वाट वेगळी. पत्रा, ॲल्युमिनियम, तांबे यांची ओळख वजनावरून आणि चुंबकावरून पटते. वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला मात्र कुणी विचारत नाही, कारण त्यात धातू आणि प्लास्टिकचे थर एकमेकांना चिकटलेले असतात आणि ते सुटे करणे परवडत नाही. पुढे पुनर्वापराच्या कारखान्यात जे होते ते याच निवडीवर उभे असते. एका जातीच्या ढिगात दुसऱ्या जातीचे प्लास्टिक गेले की वितळून निघणारा माल ठिसूळ होतो. एवढे बारीक काम ज्या हातांना येते त्यांना आपल्या सरकारी कागदांनी कित्येक वर्षे ‘अकुशल’ म्हटले. ते चूक होते.

आता हिशेबाचा मुद्दा, जो या लेखाचा गाभा आहे. अनेक शहरांत ठेकेदाराला कचरा उचलण्याचे, वाहण्याचे किंवा त्यावर प्रक्रिया करण्याचे पैसे टनामागे मिळतात. वजन जितके जास्त तितके बिल मोठे. ओला कचरा जड असतो, पावसात भिजलेला पुठ्ठा आणखी जड आणि गाडीत चुकून गेलेला राडारोडा सर्वांत जड. ठेकेदार वाईट माणूस असायची गरजच नाही. ज्या हिशेबात वेगळे करण्याचा मोबदला नाही आणि एकत्र करण्याची शिक्षा नाही, त्या हिशेबात कचरा एकत्रच होणार. कॉम्पॅक्टर गाडी तर सगळे दाबूनच भरते. एकदा खरकट्यात दाबला गेलेला कागद पुन्हा कागद राहत नाही. कचरावेचकाचा हिशेब नेमका उलटा आहे. गाडीत जायच्या आधी तिने जे बाजूला काढले तेच तिचे उत्पन्न. दारात तिला ओले-सुके वेगळे मिळाले तर तिचा तासभर वाचतो आणि मालाला भाव येतो, म्हणून ती पाठपुरावा करते, परत सांगते, मिसळलेला कचरा घ्यायला नकार देते. शहराचे हित आणि काम करणारीचे हित एका रेषेत आणण्याचे यापेक्षा साधे यंत्र आपल्याकडे कुणी बनवलेले नाही. शिवाय तिने काढलेल्या प्रत्येक किलोच्या वाहतुकीचा आणि प्रक्रियेचा खर्च महापालिकेच्या तिजोरीतून वाचतो.

शेवटच्या टोकाला मोठे यंत्र बसवून प्रश्न सुटतो, ही समजूत किती महाग पडते याची उदाहरणे आहेत. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये परदेशी तंत्रज्ञानाने कचरा जाळून वीज करण्याचा प्रकल्प उभा राहिला आणि काही आठवड्यांतच बंद पडला. भारतीय घरातला निम्म्याहून अधिक कचरा ओला असतो आणि त्यात मातीही असते. असा कचरा स्वतःच्या बळावर जळत नाही. पुण्यात रोज दोन हजार टनांहून अधिक कचरा निघतो आणि कित्येक वर्षे तो उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोवर जाऊन पडत होता. तिथल्या विहिरींचे पाणी बिघडले, गावांना टँकर लावावे लागले आणि गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा शहराला आपल्या कचऱ्याचा पत्ता कळला. मग प्रभागांमध्ये पाच-पाच टनांचे बायोगॅस प्रकल्प आले. कल्पना उत्तम होती, तरी त्यातले अनेक पूर्ण क्षमतेने चालले नाहीत. अशा प्रकल्पाच्या टाकीला शुद्ध ओला कचराच लागतो. त्यात प्लास्टिक, काच, चिंध्या गेल्या की यंत्र अडते. म्हणजे या प्रकल्पांचे भवितव्यही पुन्हा दारातच ठरते.

कचरावेचकांच्या या व्यवस्थेवर गंभीर आक्षेप घेतला जातो, तो जातीचा आणि प्रतिष्ठेचा. हे काम करणाऱ्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्यावर घाण लादली गेली त्यांनाच सहकारी संस्थेच्या नावाखाली त्याच कामात ठेवायचे का, असा हा प्रश्न आहे. तो टाळून पुढे जाता येणार नाही. पण घंटागाडी आणि कॉम्पॅक्टर आल्याने घाणीतले काम संपत नाही. गाडीवरचा बिगारी, कचरा हस्तांतराच्या रॅम्पवरचा कामगार आणि प्रकल्पातल्या पट्ट्यावर उभा राहून कचरा निवडणारा मजूर बहुतेक त्याच वस्त्यांतून येतो. फरक इतकाच की तो ठेकेदाराच्या हाताखाली असतो, त्याचा कचऱ्यावर हक्क नसतो आणि संस्थेच्या सभेत हात वर करून बोलण्याची त्याला सोय नसते. बाईच्या हातून काम काढून घेतल्याने तिची भाकरी जाते, जात जात नाही. सुटका व्हायला हवी ती कामातल्या घाणीपासून. कुंडीत उतरून उकरणे आणि दारात वेगळा करून दिलेला स्वच्छ सुका कचरा घेणे, या दोन कामांत प्रतिष्ठेचे फार मोठे अंतर आहे, आणि ते पार करणे दाराच्या आतल्या माणसाच्या हातात आहे. या बायांची मुले शिकून दुसरीकडे जावीत, ही तर पंचायतीची सुरुवातीपासूनची धडपड आहे.

‘लोक कचरा वेगळा करतच नाहीत’ हा दुसरा आक्षेप अधिकारी नेहमी घेतात. रस्त्यावरच्या कचऱ्याच्या कंटेनरसमोर उभा असलेला माणूस खरोखरच करत नाही, कारण तिथे त्याला कुणी ओळखत नाही. रोज त्याच वेळी येणाऱ्या, नाव माहीत असलेल्या बाईच्या हातात पिशवी द्यायची असली की वागणे बदलते. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ले नगर परिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घराघरांतूनच कचरा वेगळा करून घेतला आणि डम्पिंग ग्राउंडचे लोकांनी पाहायला यावे असे ठिकाण केले. तिथली माणसे पुण्यातल्या माणसांपेक्षा काही निराळी नाहीत. शहर छोटे आहे, हे खरे. पण पुण्यासारखे मोठे शहरसुद्धा कोठी-कोठीने, गल्ली-गल्लीनेच चालते. आरोग्य कोठीवरच्या, म्हणजे महापालिकेच्या स्वच्छता चौकीवरच्या, मुकादमाला आपल्या भागातले कोणते घर मिसळून कचरा देते हे नेमके माहीत असते.

खरी अडचण पुढे आहे आणि ती वाढत चालली आहे. ओला, सुका या दोन बादल्यांत न बसणारा कचरा घरोघरी जमतो आहे. मधुमेहाच्या रुग्णाची इन्सुलिनची सुई, मुदत संपलेल्या गोळ्या, मोबाइलची फुगलेली बॅटरी, पारा असलेला सीएफएल दिवा, रंगाचे आणि कीटकनाशकाचे डबे ही त्याची रोजची रूपे आहेत. प्लास्टिकच्या पिशवीतून आलेली सुई हातमोज्यातूनही बोटात शिरते आणि त्यासोबत हिपॅटायटिस बी किंवा एचआयव्हीची भीती घरी जाते. रुग्णालयाची सुई वेगळ्या नियमांखाली जाते. तिच्या पिशवीवर बारकोड असतो, तिची नोंद होते. तीच सुई घरात वापरली की तिला कुणी वाली नसतो. सीएफएल दिव्यात पारा काही मिलिग्रॅमच असतो, पण गाडीत दिवा फुटला की त्याची वाफ श्वासात जाते. लिथियमची बॅटरी दाबली गेली तर पेट घेते. ‘जाळून टाका’ हा सोपा सल्ला तर सगळ्यांत धोक्याचा आहे. पॅड आणि डायपर यांत मोठा भाग प्लास्टिकचा असतो. कमी तापमानाच्या छोट्या भट्टीत ते नीट जळत नाहीत आणि त्यांचा धूर लोकवस्तीतच राहतो. रुग्णालयांच्या कचऱ्याच्या भट्टीला दुसऱ्या कक्षात हजार अंशांहून अधिक तापमान राखण्याची सक्ती आहे, ती उगाच नाही.

व्यावसायिकांचे चित्र याहून वेगळे नाही. दिवसाला शंभर किलोंहून अधिक कचरा करणारी हॉटेले, मंगल कार्यालये आणि संकुले घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत स्वतंत्रपणे आली आणि मोठ्या संकुलांनी व हॉटेलांनी ओला कचरा शक्यतो जागेवरच जिरवावा अशी अपेक्षा त्यांत होती. खत करण्याची यंत्रे बसतात, परवानगी मिळते आणि मग वीजबिल जास्त येते म्हणून कित्येक ठिकाणी ती बंद पडून राहतात. छोट्या दुकानदाराची अडचण निराळी आहे. शिंप्याच्या चिंध्या, सलूनमधले केस आणि ब्लेड, गॅरेजमधले काळे तेल आणि तेलकट बोळे, झेरॉक्सच्या दुकानातल्या टोनरच्या नळ्या यांचे काय करायचे, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. रात्री शटर ओढताना ते कोपऱ्यावर येऊन पडते आणि सकाळी त्यात हात घालायची वेळ दुसऱ्याच कुणावर येते.

कागदावर यातले बरेच सोडवलेले आहे. २०१६ च्या नियमांनी पॅड आणि डायपर बनवणाऱ्या कंपन्यांना प्रत्येक पाकिटासोबत विल्हेवाटीसाठी वेष्टण देण्याची जबाबदारी घालून दिली. त्याआधीच, २०१३ मध्ये, ‘स्वच्छ’च्या महिलांनी वापरलेले पॅड गोळा करून थेट उत्पादकांकडे पाठवले होते, कारण वस्तू बनवणाऱ्याने तिच्या शेवटाचीही जबाबदारी घ्यावी, हे त्यांचे म्हणणे होते. २०१६ च्याच नियमांनी घरगुती घातक कचऱ्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र असावे असे सांगितले होते. पुण्याचे क्षेत्र गावे सामील होऊन पाचशे चौरस किलोमीटरच्या आसपास गेले, म्हणजे अशी पंचवीसेक केंद्रे नागरिकांना पाठ असायला हवी होती. आज कुठल्याही सोसायटीच्या सभेत ‘जुन्या बॅटऱ्या कुठे द्यायच्या’ असे विचारले तर बहुतेक जण एकमेकांकडे पाहतात. दुसरीकडे, जी संस्था दारापर्यंत पोहोचली आहे तिच्या कराराला पुन्हा पुन्हा मुदतवाढीची वाट पाहावी लागली आहे. उद्या काम राहील की नाही याची खात्री नसलेली बाई नवीन गाडीसाठी कर्ज घेत नाही आणि घातक कचऱ्यासाठी वेगळी बादली सुरू करण्याचा आग्रहही धरत नाही. वर्गीकरणाच्या शेडला जागा मागितली की आसपासची सोसायटी वासाची तक्रार करते. महिन्याचे शुल्क, जे शंभर रुपयांच्या आतबाहेर असते, तेही काही घरे थकवतात.

म्हणून मागणी ठोस असायला हवी. महापालिकेने दारातल्या कामाचा करार एकदाच दीर्घ मुदतीचा करावा, सुया आणि घातक कचरा वेगळा गोळा करण्याचे वेगळे पैसे कचरावेचकांना द्यावेत, त्यांना हिपॅटायटिस बीची लस द्यावी आणि टनामागे बिल देण्याऐवजी वेगळ्या मिळालेल्या कचऱ्यावर देयक ठरवावे. वाचकांनी आपल्या घरातली सुई टोपण लावून जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवावी, फुटकी काच कागदात गुंडाळून तसे वर लिहावे, पॅडच्या पुडीवर ठिपका काढावा आणि महिन्याचे शुल्क न मागता द्यावे. आणि मिळकतकराचे पुढचे बिल येईल तेव्हा ते उलटून पाहावे. आपल्या भागातल्या घातक कचरा केंद्राचा पत्ता आणि वेळ त्यावर छापलेली नसेल, तर क्षेत्रीय कार्यालयात जाऊन ती माहिती लेखी मागावी आणि अर्जावर पोच घ्यावी.